चार दिवस आधी खेळायचे जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

मराठी पुस्तकांच्या धंद्यात 'प्रकाशनपूर्व सवलत' नावाची जुनी रीत आहे. मोठा ग्रंथ निघणार असला की प्रकाशक आधी जाहीर करतो: छापील किंमत हजार रुपये, अमुक तारखेच्या आत नोंदणी केलीत तर सहाशे. मी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका प्रकाशन संस्थेत बावीस वर्षं काम करतोय, त्यामुळे असे नोंदणीचे फॉर्म माझ्या हाताखालून पुष्कळ गेले आहेत. त्यामागचा हिशेब सरळ आहे. वाचक पुस्तक न बघता पैसे देतो. ते कसं निघेल, वेळेवर निघेल का, त्याला ठाऊक नसतं. वर त्याच्या पैशातून आमचं कागदाचं बिल भागतं. जोखीम त्यानं उचलली, म्हणून किंमत त्याला कमी. बाणेर-वाकडकडे पाया खणतानाच फ्लॅट बुक करणाऱ्याला दर कमी पडतो, तोही याच हिशेबानं.

व्हिडिओ गेमच्या धंद्यात गेल्या काही वर्षांत हा हिशेब उलटा झाला आहे. तिथे सगळ्यात आधी पैसे टाकणारा, कोणी परीक्षण लिहायच्या आत विकत घेणारा, सगळ्यात जास्त किंमत मोजतो. माझा भाचा अकरावीत आहे, कोथरूडला राहतो. मागे एकदा तो म्हणाला, "मामा, गेम चार हजारांची आहे, पण साडेपाच दिले तर तीन दिवस आधी खेळता येते. घेऊ का?" साडेपाच हजार माझ्याकडूनच जाणार होते, म्हणून मी खोलात शिरलो. मी स्वतः बऱ्यापैकी गेम खेळतो, पण ही जास्तीची रक्कम नेमकी कशाची, हे तोवर मीही धड तपासलं नव्हतं.

आधी एक घोळ मिटवायला हवा, कारण 'अर्ली ॲक्सेस' हे नाव दोन अगदी निराळ्या गोष्टींना चिकटलं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे अर्धवट झालेली गेम विकणं. स्टीम या ऑनलाइन दुकानानं ही सोय मार्च २०१३ मध्ये सुरू केली. गेम अजून तयार होतेय, त्यात चुका आहेत, शेवटचा भाग लिहिलेलाच नाही, हे सगळं आधी सांगून ती विकली जाते. खेळणारे चुका कळवतात, त्या पैशावर पुढचं काम चालतं. 'बाल्डर्स गेट ३' ऑक्टोबर २०२० मध्ये अशी विकायला काढली आणि पूर्ण होऊन ऑगस्ट २०२३ मध्ये आली. मधली जवळजवळ तीन वर्षं लोक तिचा पहिलाच अंक खेळत होते. छोटे स्टुडिओ बऱ्याचदा या काळात किंमत कमी ठेवतात आणि गेम पूर्ण झाली की वाढवतात. ही आपली प्रकाशनपूर्व सवलतच झाली. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सनं 'राजी'साठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागून पाहिली होती. ती अपुरी पडली, तरी त्यांनी नेट धरला आणि २०२० मध्ये गेम बाहेर काढली. अशा ठिकाणी आधी पैसे देणारा माणूस खरोखर काहीतरी उभं करायला हात लावत असतो, आणि आपण काय धोका घेतोय हे त्याला माहीत असतं. या प्रकाराबद्दल माझी काही तक्रार नाही.

दुसरी गोष्ट वेगळी. गेम पूर्ण तयार आहे. जाहीर तारीख ठरली आहे. फक्त महागडी आवृत्ती घेणाऱ्यांना ती तीन, चार, पाच किंवा सात दिवस आधी उघडून मिळते. दोन्हींना एकच नाव पडल्यानं गोंधळ होऊ लागला, तेव्हा स्टीमनं एप्रिल २०२४ मध्ये या दुसऱ्या प्रकाराला 'ॲडव्हान्स्ड ॲक्सेस' असं वेगळं नाव दिलं. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण 'स्टारफील्ड'चं. साधी आवृत्ती ७० डॉलर, तारीख ६ सप्टेंबर २०२३. प्रीमियम आवृत्ती १०० डॉलर, १ सप्टेंबरपासून खुली. आपल्याकडे ती १ तारखेला पहाटे साडेपाचला उघडली. आता कॅलेंडर बघा. १ सप्टेंबरला शुक्रवार होता आणि ६ तारखेला बुधवार. म्हणजे ३० डॉलर जास्त देणाऱ्याला मिळाला अख्खा शनिवार-रविवार, आणि साध्या ग्राहकाची गेम सुरू झाली आठवड्याच्या मधल्या कामाच्या दिवशी. वर मायक्रोसॉफ्टच्या गेम पासचे, म्हणजे वर्गणी भरून गेम खेळायच्या सेवेचे, वर्गणीदार ही गेम ऑगस्टमध्येच डाउनलोड करून ठेवू शकत होते. १ तारखेला ती त्यांच्याच डिस्कवर पूर्ण पडलेली होती. फक्त कुलूप होतं, आणि ते लवकर काढायला त्यांना वर्गणीवर ३५ डॉलर पडायचे.

या कुलपापाशी मला थांबायचं आहे, कारण न्याय-अन्यायाचा सगळा प्रश्न तिथेच आहे.

एकाच वस्तूला वेगवेगळ्या माणसांकडून वेगवेगळी किंमत घेणं, यात मुळात पाप नाही. मोसमाच्या सुरुवातीला मार्केट यार्डात येणारी हापूसची पेटी मे महिन्यातल्या पेटीपेक्षा किती महाग असते हे पुणेकराला सांगायला नको. ज्याला आजच खायचा आहे तो देतो, बाकीचे थांबतात. पण तिथे आंबाच मुळात कमी आलेला असतो. रेल्वेचं तत्काळ तिकीट घ्या. दुसऱ्या वर्गाला मूळ भाड्याच्या १० टक्के आणि बाकीच्या वर्गांना ३० टक्के जास्त आकार. डब्यातल्या बर्थ मोजक्या आहेत, तेव्हा कुणाला आधी द्यायच्या हे ठरवायला काहीतरी रीत लागणारच. गेमच्या फाइलला असली टंचाई नसते. एक लाख लोकांनी उतरवली काय आणि एक कोटींनी काय, फाइल संपत नाही. सर्व्हरवर भार येतो हे खरं, आणि आधी थोडे लोक घेतले तर तो सांभाळायला बरं पडतं हेही खरं. पण त्यासाठी चिठ्ठ्या टाकूनही लोक निवडता येतात. पैसेच मागायला हवेत असं नाही.

मग टंचाई आली कुठून? ती तयार केली. हा विचार नवा नाही. ज्यूल द्यूप्युई नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं १८४९ मध्ये रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या उघड्या डब्यांबद्दल लिहिलं होतं. त्या डब्यांवर छत घालायला कंपनीला फारसा खर्च नव्हता. तरी ती घालत नव्हती. कारण छत घातलं असतं, तर ज्यांना दुसऱ्या वर्गाचं तिकीट परवडतं ते लोकही तिसऱ्यातून गेले असते. गरिबाला भिजवण्यात कंपनीला रस नव्हता. भिजण्याची भीती तिला पैसेवाल्याला दाखवायची होती. गरीब फक्त मध्ये सापडला. पुढे १९९० मध्ये आयबीएमनं आपला एक लेझर प्रिंटर स्वस्तात काढला. तो मिनिटाला १० पानांऐवजी ५ पानं छापायचा. आतलं यंत्र बहुतेक तेच होतं. कामाचा वेग मुद्दाम कमी करणारी सोय त्यात जास्तीची घातली होती. अर्थशास्त्रात अशा मालाला मुद्दाम बिघडवलेला माल म्हणतात.

'स्टारफील्ड'च्या साध्या आवृत्तीचे ते पाच दिवस म्हणजे न घातलेलं छत आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. गेम १ तारखेला तयार होती, लाखो लोक ती खेळत होते. स्टीमवर त्या दिवसांत एकाच वेळी दोन लाखांहून अधिक जण आत होते. दोन लाख लोक एकाच वेळी खेळतात ती गेम अजून बाहेर आलेली नाही, असं म्हणणं शब्दांना पीळ घालण्यासारखं आहे. खरी प्रकाशनाची तारीख १ होती. ६ तारीख उशिराची होती.

मग लोक चिडत का नाहीत? काही चिडतातच, पण बरेच जण खुशीत पैसे देतात. याचं कारण नावात आहे. डॅनिएल काहनमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये लोकांना विचारलं: बर्फाचं फावडं १५ डॉलरला विकणाऱ्या दुकानदारानं मोठी हिमवृष्टी झाल्यावर दुसऱ्या दिवशी किंमत २० केली, तर हे योग्य का? ८२ टक्के लोक म्हणाले, अयोग्य. कालपर्यंत काय रीत होती ते माणसाच्या डोक्यात पक्कं असतं, आणि त्याहून वाईट वागवलं की त्याला फसल्यासारखं वाटतं. गेमच्या बाबतीत ही रीत कंपनीच ठरवते. '६ तारीख सगळ्यांची, आणि तुम्हाला खास पाच दिवस आधी' म्हटलं की देणाऱ्याला बक्षीस मिळाल्यासारखं वाटतं. तेच 'तारीख १, आणि ७० डॉलरवाल्यांना पाच दिवस उशिरा' असं छापलं असतं, तर? एक दिवस, एक रुपयाही बदललेला नाही. पण अशी जाहिरात कोणतीही कंपनी करणार नाही.

कंपन्यांची बाजू मांडल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही, कारण ती पोकळ नाही. मोठी गेम बनवायला आज प्रचंड पैसा लागतो. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात जी कागदपत्रं उघड झाली, त्यांतून 'द लास्ट ऑफ अस पार्ट २'चा खर्च २२ कोटी डॉलरच्या घरात गेल्याचं जगाला कळलं. उलट गेमची किंमत २००५ च्या सुमाराला ६० डॉलर झाली आणि २०२० पर्यंत तिथेच राहिली. महागाई धरली तर २००५ चे ६० डॉलर म्हणजे २०२० चे सुमारे ८०. म्हणजे गेम प्रत्यक्षात स्वस्तच होत गेली. ज्याला घाई आहे आणि खिशात आहे त्याच्याकडून जास्त घ्या आणि साधी किंमत कमी ठेवा, हा युक्तिवाद मला पटतो. पुण्यातलंच उदाहरण देतो. सवाई गंधर्व महोत्सवात खुर्चीचं तिकीट महाग आणि भारतीय बैठकीचं स्वस्त असतं. खुर्चीवाल्यांच्या पैशामुळे बैठक परवडण्याजोगी राहत असेल, तर बरंच आहे. पण तिथे गायक मंचावर येतो तेव्हा पहिला षड्ज दोघांच्याही कानावर एकाच क्षणी पडतो. खुर्चीला जास्त पैसे द्या, उशीला द्या, पार्किंगला द्या. खुर्चीवाल्यांसाठी मैफल शुक्रवारी आणि सतरंजीवाल्यांसाठी बुधवारी, असं कोणी केलं तर मंडप शांत राहील का?

म्हणून महागड्या आवृत्तीत काय-काय आहे ते सुटं करून बघावं लागतं. स्टारफील्डच्या प्रीमियममध्ये पाच दिवसांबरोबर 'शॅटर्ड स्पेस' हा पुढचा भागही होता. तो वर्षभरानं, ३० सप्टेंबर २०२४ ला आला आणि सुटा ३० डॉलरलाच विकला गेला. ज्याला तो घ्यायचाच होता त्याला पाच दिवस फुकट पडले असं म्हणता येईल. ज्याला नको होता त्यानं ३० डॉलर पाच दिवसांचे दिले. गोम अशी की २०२३ मध्ये पैसे देताना तो भाग कसा असेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे आला तेव्हा स्टीमवर त्याचं स्वागत थंडच झालं. घाईचं आमिष दाखवून न पाहिलेला मालही विकला जातो, तो असा.

आणि घाई करणाऱ्याला सगळ्यात उत्तम गेम मिळते असंही नाही. 'सुइसाइड स्क्वॉड: किल द जस्टिस लीग' ३० जानेवारी २०२४ ला महागडी आवृत्ती घेणाऱ्यांसाठी उघडली, सगळ्यांसाठीची तारीख २ फेब्रुवारी होती. घड्याळाच्या हिशेबानं सगळ्यात आधी न्यूझीलंडचे खेळाडू आत गेले, आणि काहींना गेम पूर्ण संपवलेल्या अवस्थेतच दिसली. कंपनीला सर्व्हर काही तास बंद ठेवावे लागले. भरपाई म्हणून गेममधलं २० डॉलर किमतीचं चलन दिलं. जास्त पैसे देणाऱ्यांनी जास्तीचा वेळ बंद दारासमोर घालवला. पहिल्या दिवसांत चुका सापडतात आणि त्यांच्या दुरुस्त्या बाकीच्यांची तारीख उजाडेपर्यंत येतात, हे खेळणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. म्हणजे जोखीम आधीच्याच ग्राहकाची, पण सवलत गायब. प्रकाशन संस्थेत बसून मला हे सगळ्यात जास्त टोचतं.

आता एकट्यानं खेळायची गेम आणि मिळून खेळायची गेम यांत फरक करायलाच हवा. स्टारफील्ड एकट्यानं खेळायची आहे. शेजारच्यानं शुक्रवारी सुरू केली आणि मी बुधवारी, तर माझं काय गेलं? कथेतले धक्के यूट्यूबवर कुणीतरी फोडतं, तेवढंच. मी तिला अन्याय म्हणणार नाही. वाईट सौदा म्हणेन.

जिथे खेळाडू एकमेकांसमोर असतात तिथे मात्र माझं मत कडक आहे. 'ईए स्पोर्ट्स एफसी २४' सगळ्यांना २९ सप्टेंबर २०२३ ला मिळाली, अल्टिमेट आवृत्तीवाल्यांना २२ ला. तिच्यातल्या अल्टिमेट टीम या भागात खेळाडूंची कार्डं जमवून संघ बांधायचा असतो आणि कार्डांचा बाजार पहिल्या दिवसापासून चालू होतो. ज्याला सात दिवस आधी मिळाले त्यानं सामने खेळून नाणी साठवली, बाजार बघून घेतला. २९ ला आलेला मुलगा पहिल्याच सामन्यात तयार संघासमोर उभा. योगायोग असा की त्या वर्षी गणपती १९ सप्टेंबरला बसले आणि अनंत चतुर्दशी २८ ला होती. पुण्यातल्या पोरांच्या सुट्ट्यांचा मोठा भाग त्या आधीच्या आठवड्यातच संपला. 'ओव्हरवॉच २'मध्ये तर नवा हीरोच, म्हणजे खेळायचं नवं पात्रच, प्रीमियम बॅटल पास (खेळत जाल तशी पायरी-पायरीनं बक्षिसं देणारी योजना) विकत घेणाऱ्याला लगेच मिळायचा आणि फुकट खेळणाऱ्याला तो मिळवायला सुरुवातीला पासच्या ५५ पायऱ्या चढाव्या लागायच्या. समोरच्याकडे जो हीरो आहे तो तुमच्याकडे नाही, आणि कारण खिसा. लोकांनी पुष्कळ आरडाओरडा केला. एप्रिल २०२४ मध्ये हीरो सगळ्यांना खुले झाले.

हे सौम्य करता येतं. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या मिळून खेळायच्या ऑनलाइन गेमचा 'द वॉर विदिन' हा भाग २६ ऑगस्ट २०२४ ला आला, महागड्या आवृत्तीला २२ पासून. पण ज्या मोठ्या रेडमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून करायच्या मोहिमेत, जगभरचे संघ चढाओढ करतात त्याचा सीझन १० सप्टेंबरला सुरू झाला, सगळ्यांसाठी एकदमच. तोवर मागून आलेल्यालाही तयारीला दोन आठवडे होते. चूक पूर्ण धुतली गेली असं मी म्हणणार नाही, पण कुठे कुंपण घालायचं ते बनवणाऱ्यांना कळत होतं एवढं त्यातून दिसतं.

कायदा यात काय म्हणतो? आपल्याकडे असं आधी विकायला मनाई नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, आणि त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांना आवर घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. खोटी घाई लावणं, हवा तो पर्याय स्क्रीनवर असा मांडणं की दुसरा दिसूच नये, हे त्यात येतं. लवकर मिळणारे दिवस उघड सांगितलेले असतात, म्हणून तेवढ्यावर बोट ठेवता येत नाही. पण दुकानाच्या पानावर १०० डॉलरची आवृत्ती मोठ्या अक्षरांत आणि साधी आवृत्ती चार वेळा खाली सरकवल्यावर दिसत असेल, तर ग्राहकानं बोलायला हवं.

लोक बोलले की फरक पडतो, हेही दिसलं आहे. युबिसॉफ्ट या गेम कंपनीनं सप्टेंबर २०२४ मध्ये 'असॅसिन्स क्रीड शॅडोज' पुढे ढकलली तेव्हा आधी खेळू देण्याची योजनाच काढून टाकली. गेम २० मार्च २०२५ ला सगळ्यांना एकाच दिवशी मिळाली.

भाच्याकडे परत येतो. त्यानं मागितलेली गेम चौघांनी मिळून खेळायची होती. दोघांनी महागडी आवृत्ती घेतली होती, हा तिसरा. चौथ्याचे वडील रिक्षा चालवतात. साध्या गेमचे पैसे त्यानं दिवाळीपासून साठवले होते, वर दीड हजार काढणं त्याला शक्यच नव्हतं. मी विचारलं, "तुला एकट्याला ते तीन दिवस किती रुपयांचे वाटतात?" तो म्हणाला, "शून्य. पण ते दोघं खेळत असताना मी काय करू?" त्या एका वाक्यात मला कागदोपत्री कुठे न लिहिलेली किंमत दिसली. दिवस विकले जातच नाहीत. सोबत विकली जाते. एका मित्रानं घेतलं की दुसऱ्याला घ्यावंच लागतं, आणि दुसऱ्यानं घेतलं की तिसऱ्याची घुसमट सुरू होते. चारांपैकी कुणीच घेतलं नसतं तर कुणालाच काही कमी पडलं नसतं, तिघांचे मिळून साडेचार हजार वाचले असते. प्रत्येकानं आपापल्यापुरता शहाणपणाचा निर्णय घ्यायचा आणि सगळ्यांनी मिळून जास्त मोजायचं, असा हा पेच आहे. त्यात जो देऊ शकत नाही तो तीन संध्याकाळी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर दुसऱ्यांच्या गप्पा ऐकत बसतो. सतरा वर्षांच्या पोराला हे किती लागतं, ते मोठ्यांनी हसण्यावारी नेऊ नये.

त्या संध्याकाळी मी त्याला दोन गोष्टी दाखवल्या. स्टीमवर आधी नोंदवलेली गेम बाहेर येईपर्यंत केव्हाही रद्द करता येते, पूर्ण पैसे परत मिळतात. एकदा खेळायला लागलं की मात्र दोन तासांच्या आत आणि चौदा दिवसांत परत करायचा नियम लागतो, आणि एप्रिल २०२४ पासून आधीच्या दिवसांत खेळलेला वेळही त्या दोन तासांत धरतात. म्हणजे तारखेआधी तीन दिवस खेळून, आवडली नाही म्हणून परत, असं आता चालत नाही.

त्यानं लगेच उत्तर दिलं नाही. खोलीत जाऊन ग्रुपवर बोलला. अर्ध्या तासानं बाहेर येऊन म्हणाला, "मामा, चारच हजार दे. त्या दोघांनीपण रद्द केलं. शुक्रवारी रात्री नऊला चौघं एकदम सुरू करतोय."